त्याच हातांनी

म्हाताऱ्या माणसाच्या पायाची नखं कापणं दिसतं तितकं सोपं नाही. वयाबरोबर ती जाड होतात, पिवळी पडतात, नेलकटरच्या तोंडात मावत नाहीत. आधी पाय कोमट पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवायचे, नखं मऊ झाली की सरळ रेषेत थोडी थोडी कापायची. अंगठ्याच्या कोपऱ्यात शिरायचं नाही. शिरलं तर नख मांसात वाढतं आणि नवं दुखणं मागे लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंच्या पायांनी शिकवलं, एकदा रक्त काढून.

रक्त आलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. "असू दे हो, बाई," एवढंच म्हणाल्या.

हे 'हो, बाई' नवं होतं. लग्न झाल्यापासून त्या मला 'अगं' म्हणायच्या. भांडतानाही 'अगं', कौतुक करतानाही 'अगं'. विस्मरणाचा आजार वाढत गेला तशी आधी भाच्यांची नावं गेली, मग मुलाचं, आणि एका सकाळी त्या मला 'अहो बाई' म्हणाल्या. मराठीत अहो-जाहो करणं म्हणजे मान देणं. त्या सकाळी मात्र कुणीतरी तो मान हातात देऊन मला दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटलं.

मी त्यांच्यावर हात उचलला ती संध्याकाळ त्यानंतर वर्षभरानं आली. लिहायला सोपं नाही, म्हणून पटकन लिहून टाकते. त्यांनी पाण्याचा टब तिसऱ्यांदा लाथाडला होता. मी दोन रात्री झोपले नव्हते. त्यांनी माझं मनगट पकडलं, नखं रुतवली, आणि मी त्यांच्या हातावर फटका मारला. जोरात. आवाज आला. त्यांनी हात पोटाशी घेतला आणि माझ्याकडे बघितलं. आपलं काय चुकलं हे न कळलेलं मूल बघतं तसं. अर्ध्या तासानं त्या सगळं विसरल्या होत्या. मला मात्र तो आवाज अजून ऐकू येतो.

आपली भाषा अशा वेळी फार सोयीची आहे. 'मी मारलं' म्हणण्याऐवजी 'माझ्या हातून झालं' म्हणता येतं, जणू हात शेजारच्याचा होता आणि आपण तिथे नुसत्या उभ्या होतो. गंमत म्हणजे सेवाही 'हातून घडते'. तेव्हा मात्र हात आपलाच असतो, आणि तो आपलाच आहे हे चारचौघांना कळावं अशी सोयही आपण करून ठेवतो.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. मी जागेवरून उठले नाही. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "बरं नाही का?" मी सांगून टाकलं. सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "उद्या सकाळी त्यांचं कोण करणार?"

"मीच. दुसरं आहे कोण?"

"मग ठीक," म्हणाले आणि खुर्च्या आवरायला गेले.

मला राग आला. एवढं सांगितलं आणि हा माणूस खुर्च्या आवरतो! मला रागवावं तरी, नाहीतर धीर द्यावा. निदान एखादं वचन तरी काढून द्यावं. घरी येऊन मी स्वतःच बायबलमधलं, प्रेषित पौलाचं करिंथकरांस लिहिलेलं पहिलं पत्र उघडलं. अकराव्या अध्यायात तो अयोग्य रीतीनं प्रभुभोजन घेण्याबद्दल बजावतो. लहानपणापासून त्या ओळींची मला धास्ती होती. पण या खेपेला वाक्य शेवटपर्यंत वाचलं गेलं. माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी, असं तो लिहितो. परीक्षा करावी आणि बाकावर बसून राहावं, असं नाही. इतकी वर्षं हे वाक्य मी ऐकत होते आणि दर वेळी निम्म्यातच थांबत होते.

सोमवारी सकाळी पाय धुतले. मन शांत झालं होतं म्हणून नाही. पाय मळले होते.

पाय धुण्याचा विषय निघाला की आम्हा ख्रिस्ती लोकांना योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आठवतोच. येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. या प्रसंगावर मी असंख्य प्रवचनं ऐकली, बहुतेक सगळी नम्रतेवर. कुणी थांबून मोजत नाही की त्या खोलीत यहूदा, येशूला दगा देणारा शिष्य, अजून बसलेला होता. तो बाहेर पडतो तो नंतर, हातात घास घेऊन. म्हणजे ज्या पायांनी तो तासाभरात शत्रूंकडे जाणार होता, ते पाय नुकतेच धुतलेले होते. आणि धुणाऱ्याला ते माहीत होतं.

पण माझा जीव त्या खोलीतल्या दुसऱ्या माणसावर आहे, पेत्रावर. तो आधी म्हणतो, माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. मग येशू समजावतो तेव्हा एकदम दुसऱ्या टोकाला: नुसते पाय कशाला, हात आणि डोकंही धुवा! पेत्राचं सगळं असंच, एक तर नाहीच, नाहीतर अख्खी आंघोळ. येशू म्हणतो, ज्यानं स्नान केलंय त्याला पायांपलीकडे काही धुवायची गरज नाही.

हात तसेच राहिले. आणि त्या रात्री त्या हातांनी काय काय केलं ते पाहा. येशूला धरायला लोक आले तेव्हा बागेत तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, उजवा कान कापला. मग थोड्या वेळानं महायाजकाच्या अंगणात ते हात कोळशाच्या विस्तवावर शेकले, आणि शेकता शेकता तोंडानं सांगितलं की मी येशूला ओळखत नाही. विचारणाऱ्यांत एक जण त्या मल्खाचा नातलग होता: तुला मी बागेत पाहिलं ना? योहानानं हा तपशील लिहून ठेवलाय तो बहुधा हसू नये म्हणून, पण मला दर वेळी पोटात ढवळतं. आपण केलेलं कुणीतरी पाहिलेलं असतंच.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. पुनरुत्थानानंतर तलावाकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव, आणि त्या विस्तवापाशी तीनदा एकच प्रश्न: माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा. इथे मला एक गोष्ट फार उशिरा दिसली. येशू त्याला त्या रात्रीबद्दल एक अक्षर विचारत नाही. का केलंस, पुन्हा करणार नाहीस ना, काही नाही. पेत्र 'हो' म्हणतो आणि लगेच काम मिळतं: माझ्या कोकरांना चार. मेंढरांना खायला हवं आहे. पेत्राचं मन निर्मळ झालं की नाही यासाठी मेंढरं थांबू शकत नाहीत. तेव्हा कळलं, खुर्च्या आवरायला गेलेला माणूस काय म्हणत होता. म्हणजे त्याला तसंच म्हणायचं होतं असं मी धरून चाललेय.

आणि पेत्र सुधारला का? एका अर्थानं, हो. तो तुरुंगात गेला, फटके खाल्ले, मागे हटला नाही. दुसऱ्या अर्थानं, नाही. पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो की अंत्युखियात हाच पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसायचा, पण यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडची माणसं आली तशी हळूच उठून बाजूला झाला. लोक काय म्हणतील ही भीती. अंगणातली तीच भीती, फक्त आता मंडळीचा खांब म्हणून नाव असलेल्या माणसाच्या अंगात. पौलानं तोंडावर सुनावलं. मला या प्रकरणाचा आधार वाटतो, आणि तो वाटतो याची थोडी लाजही वाटते.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतली ख्रिस्ती मंडळी याच गाठीवरून दुभंगली. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनच्या हुकमानं ख्रिस्ती ग्रंथ जप्त करून जाळायला सुरुवात झाली. काहींनी जीव दिला पण ग्रंथ दिले नाहीत. काहींनी मुकाट्यानं अधिकाऱ्यांच्या हवाली केले. छळ थांबल्यावर प्रश्न उभा राहिला: ज्या हातांनी पवित्र शास्त्र जाळायला दिलं, त्या हातांनी दिलेला बाप्तिस्मा खरा मानायचा का? डोनाटस या बिशपच्या पक्षानं ठणकावून सांगितलं, नाही. शंभर वर्षांनीही भांडण मिटलेलं नव्हतं. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन म्हणत राहिला की बाप्तिस्मा देणाऱ्याचा नसतोच, तो ख्रिस्ताचा असतो. यहूदानं दिला असता तरी तो ख्रिस्ताचाच.

मी ऑगस्टीनच्या बाजूची आहे. दुसरीकडे जायला मला जागाच नाही. पण या शिकवणीचा धाकही वाटतो. काम देवाचं आहे, मग हाताकडे कशाला बघता, असं म्हणून किती जणांनी किती काय झाकलं! चांगल्या कामाची चादर मोठी असते, तिच्याखाली पुष्कळ मावतं. दुर्बळाला इजा करणाऱ्याच्या हातात पुन्हा दुर्बळच सोपवणं ही कृपा नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. म्हणून मीही घरात सांगितलं. नवऱ्याला, नणंदेला, 'माझ्या हातून झालं' असं नाही, 'मी आईंना मारलं' असं. नणंद दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती आठवड्याच्या दोन रात्री वाटून घेऊनच. मी नेटानं सगळं एकटीच ओढत होते, त्यात श्रद्धा किती आणि ऐट किती होती, हे तेव्हा दिसलं.

हात म्हटला की मला थॉमस क्रॅन्मर आठवतो. कँटरबरीचा आर्चबिशप, इंग्लंडमधल्या धर्मसुधारणेचा मोठा माणूस. कॅथलिक मेरी राणी गादीवर आल्यावर कैदेत पडला, आणि कैदेत आपली शिकवण चूक होती असं लिहून त्यानं सह्या केल्या. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तरी जिवंत जाळण्याची शिक्षा टळली नाही. २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याला सगळ्यांसमोर तेच पुन्हा बोलून दाखवायचं होतं. त्यानं उलटंच केलं. सह्या भीतीपोटी केल्या, मनाविरुद्ध हातानं लिहिलं, तेव्हा जळताना तो हात आधी जळेल, असं सांगितलं. आणि खांबाला बांधून पेटवल्यावर उजवा हात खरोखरच ज्वाळेत धरला.

ही गोष्ट मला लहानपणी वीरकथेसारखी वाटायची. त्या फटक्यानंतर वेगळी वाटू लागली. हात जाळावासा वाटणं म्हणजे काय ते आता माहीत होतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी तो हात उशीखाली दाबून धरायचे. पण क्रॅन्मरला दुसरी सकाळ नव्हती. मला होती, आणि सकाळी त्या पायांना दोन्ही हात लागणार होते. एका हातानं घोटा धरायचा, दुसऱ्यानं धुवायचं. स्वतःला शिक्षा करत बसणं हीसुद्धा एक चैन असते हे मला त्या टबापाशी बसून कळलं. त्यात सगळं लक्ष माझ्याकडेच असतं, पाय तसेच मळलेले राहतात.

ज्याला पुष्कळ सकाळी मिळाल्या असा एक माणूस म्हणजे इंग्लंडचा जॉन न्यूटन. त्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी गुळगुळीत करून सांगतात: गुलामांचा व्यापारी होता, वादळात देव भेटला, व्यापार सोडला, पाळक झाला. खरी गोष्ट अशी घासूनपुसून ठेवलेली नाही. वादळ १७४८ चं. त्यानंतर, म्हणजे देवाचा धावा करून वाचल्यानंतर, तो गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला आणि तशा तीन सफरी केल्या. रविवारी खलाशांना जमवून उपासना घ्यायचा. वर प्रार्थना, खाली जहाजाच्या पोटात साखळदंडातली माणसं. १७५४ मध्ये त्यानं समुद्र सोडला तोही मन खाऊ लागलं म्हणून नव्हे, तब्येतीनं दगा दिला म्हणून. १७६४ मध्ये त्याला पाळकाची दीक्षा मिळाली. या व्यापाराविरुद्ध, आपण काय केलं आणि काय पाहिलं याची कबुली देत, त्यानं छापील पत्रक काढलं ते १७८८ मध्ये. समुद्र सोडल्यावर चौतीस वर्षांनी.

चौतीस वर्षं! मी हा आकडा पहिल्यांदा मोजला तेव्हा बोटांवर पुन्हा मोजला. त्यातली बरीच वर्षं तो प्रवचनं देत होता, लोकांची दुःखं ऐकत होता, चांगला पाळक होता असं सगळे सांगतात. मग बोलला तेव्हा आडपडदा न ठेवता बोलला, सरकारी चौकशीपुढे साक्ष दिली. तरुण खासदार विल्बरफोर्स, जो पुढे या व्यापाराविरुद्ध संसदेत लढला, संसद सोडून धर्मकार्याकडे वळावं की काय अशा घालमेलीत १७८५ मध्ये त्याच्याकडे आला होता. न्यूटननं त्याला संसदेतच राहायला सांगितलं. १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन गेला. उशिराच्या कामानं आधीचं भरून निघालं का? मला नाही वाटत. त्याला माफ करणं माझ्या हातात नाही. ज्यांच्या हातात होतं त्यांच्यातल्या कित्येकांना समुद्रानं गिळलं होतं. पण उशीर झाला, आता कोणत्या तोंडानं बोलू, असं म्हणून तो त्रेसष्टाव्या वर्षी गप्प बसला असता, तर त्या गप्प बसण्याचा उपयोग कुणाला झाला असता?

हिशोबाची आपल्याला फार सवय. इतकं वाईट केलं, आता इतकं चांगलं केलं की खातं बंद. लक्ष्मीबाई टिळकांनी आठवणी लिहिताना रेव्हरंड टिळकांचा संतापही सांगितला आणि घरातलं उचलून दुसऱ्याला देऊन टाकणारा हातही. एकातून दुसरं वजा केलं नाही. त्या घरात राहिलेल्या बाईला वजाबाकी करण्याचा हक्क होता, पण तिनं दोन्ही तसंच ठेवलं, हसत हसत.

याकोबाचं पत्र या हिशोबातलं नाही, हे समजायलाही मला वेळ लागला. कुणी उघडा-उपाशी असताना त्याला 'सुखी राहा, ऊब घे, पोटभर खा' असं म्हणून वाटेला लावणाऱ्याला तो झोडपतो, आणि क्रियेवाचून विश्वास निर्जीव म्हणतो. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरला हे पत्र रुचलं नव्हतं. १५२२ मध्ये त्यानं याला गवतकाडीचं पत्र म्हटलं. आणि त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्यानंच लिहिलं की विश्वास ही जिवंत, सतत उद्योगात असलेली गोष्ट आहे; सत्कर्म करावं का असं कुणी विचारण्याआधीच तो ते करून मोकळा झालेला असतो. याकोब याहून निराळं काय म्हणत होता, कोण जाणे. मोठी माणसंही भांडणाच्या भरात शेजारच्या पानावरचं स्वतःचं वाक्य विसरतात.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती मत्तयातली दोन मुलांची गोष्ट. बाप एकाला म्हणतो, आज द्राक्षमळ्यात काम कर. तो म्हणतो, नाही जाणार. मग पस्तावतो आणि जातो. दुसरा म्हणतो, जातो, महाराज, आणि जात नाही. बापाच्या मनासारखं कुणी केलं, एवढंच येशू विचारतो. पहिल्यानं मागाहून माफी मागितली का, मळ्यात काम करताना तो हसतमुख होता का, मनातून कुरकुरत होता का, यातलं काही गोष्टीत नाही. मला तर खात्री आहे तो कुरकुरतच होता.

मीही कुरकुरतच होते. पुढची अडीच वर्षं. हात पुन्हा उचलला नाही, पण आवाज कितीदा तरी चढवला. प्रार्थना यायची नाही. आजारी मुलाच्या बापानं येशूला म्हटलं होतं, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, तेवढं एक वाक्य यायचं, तेही नळाखाली टब भरत असताना. पुढच्या महिन्यात प्रभुभोजन घेतलं. हात पुढे केला तेव्हा तो थरथरत होता आणि पाळकसाहेबांनी तिकडे पाहिलं नाही.

एक गोष्ट राहून गेली होती. आईंची माफी मागितली नव्हती. मागून काय होणार, त्यांना ते आठवतच नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले होते. ज्याला आठवत नाही तो माफ कसा करणार, आणि त्याला उगाच आठवण का करून द्यायची? युक्तिवाद चांगला होता. माझ्या फायद्याचेही पुष्कळ युक्तिवाद चांगले असतात.

हिवाळ्यातली सकाळ होती. त्यांचे पाय टबात होते, मी खाली पाटावर. त्यांचा तो हात, मी मारलेला, खुर्चीच्या हातावर पडला होता, शिरा वर आलेल्या, त्वचा कागदासारखी. मी माझा ओला हात त्यावर ठेवला.

"आई, मी तुम्हाला एकदा मारलं होतं. मला माफ करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट, बराच वेळ. मग टबाकडे बघितलं.

"पाणी गार झालंय हो, बाई," म्हणाल्या.

मी हात घालून पाहिला. खरंच गार झालं होतं. मी त्यांचे पाय उचलून टॉवेलवर ठेवले आणि पाणी तापवायला उठले.